वेढा उठला आणि शपथ मोडली

देवाशी एकनिष्ठ राहण्याचा विषय निघाला की बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 28वा अध्याय हमखास उघडला जातो. त्यातल्या 68 वचनांपैकी पहिली 14 आशीर्वादाची, उरलेली 54 शापांची. ही धाटणी त्या काळच्या तहनाम्यांचीच. इ.स.पू. 672 मध्ये अश्शूरच्या राजाने मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेतही आकाश पितळेचे आणि जमीन लोखंडाची होण्याचा शाप आहे. शाप सगळ्यांना पाठ असतात. नेमकी कोणती आज्ञा मोडली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. उत्तर ठरलेले असते, मूर्तिपूजा. ते खरेच आहे, पण यहूदाची राजधानी यरुशलेम पडण्याआधीचा शेवटचा मोठा आरोप दास-दासींबद्दलचा होता.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलने (बॅबिलोनने) हे नगर एकदा घेतले होते. बाबेलनेच गादीवर बसवलेल्या सिद्कीया राजाने पुढे बंड केले आणि इ.स.पू. 588च्या सुमारास पुन्हा वेढा पडला. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 34व्या अध्यायानुसार तेव्हा यरुशलेमखेरीज लाखीश आणि अजेका ही दोनच तटबंदीची नगरे उरली होती. 1935 मध्ये लाखीशच्या वेशीत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांपैकी एकात एक शिलेदार वरिष्ठाला कळवतो की आमची नजर लाखीशच्या अग्निसंकेतांवर आहे, अजेका दिसत नाही.

अशा वेळी राजाने सर्वांशी करार केला आणि इब्री दास-दासींना मोकळे केले. वासरू कापून दोन भाग समोरासमोर ठेवले, सरदार, याजक आणि प्रजा त्यांमधून चालत गेली. करार मोडला तर आमचीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. हे मंदिरात, देवासमोर झाले.

मग मिसरची (इजिप्तची) फौज निघाल्याची बातमी आली, बाबेलने वेढा उठवला, आणि लोकांनी सोडलेल्या माणसांना पुन्हा धरून आणले. गरज सरो, वैद्य मरो.

खरा वाद आहे तो मूळ निर्णयावर. मोशेच्या नियमशास्त्रात सहा वर्षे सेवा झाली की सातव्या वर्षी सुटका, तीही रिकाम्या हाताने नाही. कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले काही देऊन. इथे मात्र एका फर्मानाने सगळेच सुटले. म्हणून काही अभ्यासक ही भक्ती नव्हे, हिशेब होता असे मानतात. वेढ्यात दासांना पोसायचे कशाने? शिवाय तटावर लढायला मोकळी माणसे हवीत. दुसरे म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या टाळलेली सातव्या वर्षाची थकबाकी एकदम चुकवली गेली. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण यिर्मयाने सुटकेला नावे ठेवली नाहीत. देवाच्या दृष्टीने तुम्ही योग्य ते केले होते, असेच त्याने सांगितले. हेतू शंभर टक्के शुद्ध नसतानाही आज्ञापालन मानले गेले. दोष लागला तो माघारीला, देवाच्या नावाने घेतलेली शपथ संकट टळताच मोडण्याला. शिक्षाही त्याच शब्दांत आली. तुम्ही त्यांना मुक्त केले नाही, तर मी तुम्हाला तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्यासाठी मुक्त करतो.

बाबेलची फौज वेढ्याला परत आली. इ.स.पू. 587 की 586, यावर एकमत नाही, पण नगर पडले, मंदिर जळाले, लोक बंदिवासात गेले.

बंदिवासातून लोक परतल्यावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. इ.स.पू. 445च्या सुमारास तट बांधला जात असताना गरीब लोक रडत आले. शेते गहाण पडली होती, कर्जापायी मुलामुलींना दास करावे लागत होते. सुभेदार नहेम्याने सावकारांना फैलावर घेतले, याजकांसमोर शपथ घ्यायला लावली आणि अंगावरच्या वस्त्राचा ओचा झटकून म्हणाला की वचन मोडणाऱ्याला देव असाच घरादारातून झटकून टाको. पुढे लोकांनी मुद्रा उमटवून जो लेखी करार केला, त्यात परक्यांशी सोयरीक नको आणि शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) पाळू यांच्याच रांगेत हेही कलम आले: दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देऊ.