आयपीव्ही६ घरात पोचायला एवढी वर्षं का लागली

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या डिव्हाइसना अ‍ॅड्रेस देऊन त्यांच्यात डेटा पोचवणारा नवा प्रोटोकॉल, अजूनही लोकांना नवीन वाटतं, पण त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं डिसेंबर १९९५ मध्ये. आधीच्या आयपीव्ही४ चा अ‍ॅड्रेस ३२ बिटचा, म्हणजे सगळे मिळून जेमतेम ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच कळलेलं म्हणून नवा अ‍ॅड्रेस थेट १२८ बिटचा ठेवला.

मग घोडं अडलं कुठे, तर नॅट नावाच्या जुगाडात. एका पब्लिक अ‍ॅड्रेसमागे अख्खं घर बसवायचं आणि कुणाचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुणाला ते राउटर बघून घेणार, ही कल्पना १९९४ चीच. ब्राउझिंग, मेल सगळं चालत होतं त्यामुळे घाई कुणालाच राहिली नाही. पण घरच्या युजरचं यात फार मोठं नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं, कारण बाहेरून घरातल्या मशीनपर्यंत थेट पोचायची सोयच गेली, घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा तरी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या कुठल्या मशीनकडे न्यायचं ते राउटरला हाताने सांगणं, करत बसा.

मधलं नेटवर्क आयपीव्ही४ चंच असूनही ज्यांना आयपीव्ही६ हवंच होतं त्यांनी टनेल वापरले. २००१ चं सिक्स-टू-फोर, नंतर विंडोज व्हिस्टातलं तेरेडो, दोन्हीत आयपीव्ही६ चं पॅकेट आयपीव्ही४ मध्ये गुंडाळून पाठवायचं. सिक्स-टू-फोरमध्ये मधला रिले, म्हणजे दोन्ही नेटवर्कना जोडणारा राउटर, कुणाचा मिळेल याचा भरवसा नाही, तो गंडला की ब्राउझर आधी आयपीव्ही६ वरच ताटकळत बसायचा आणि मग जो तो सांगायचा, आयपीव्ही६ बंद करून टाक. दोष टनेलचा, बदनाम झाला प्रोटोकॉल.

फ्रान्सच्या 'फ्री' या इंटरनेट कंपनीने २००७ च्या शेवटी सिक्स-टू-फोरचाच टनेल थोडा बदलून स्वतःच्या नेटवर्कमध्ये आणला, रिले त्यांचा, घरातला राउटरचा बॉक्सही त्यांचाच, आणि ५ आठवड्यांत सर्व्हिस सुरू! ग्राहकाला टनेल जोडत बसावंच लागलं नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

फेब्रुवारी २०११ मध्ये आयानाकडचे, म्हणजे जगभरात अ‍ॅड्रेस वाटणाऱ्या संस्थेकडचे, आयपीव्ही४ चे शेवटचे ब्लॉक वाटून संपले. २०१२ मध्ये हॅपी आयबॉल्स नावाचं तंत्र आलं, म्हणजे आयपीव्ही६ लटकलं की ब्राउझर क्षणभरात आयपीव्ही४ कडे वळतो, आणि त्याच वर्षी ६ जूनला मोठ्या साइट्सनी आयपीव्ही६ कायमचं चालू केलं, काही राउटर कंपन्यांनीही ते डिफॉल्ट ऑन द्यायचं कबूल केलं.

आता घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा पब्लिक अ‍ॅड्रेस मिळू शकतो. बाहेरून येणारं कनेक्शन मात्र बहुतेक राउटरचा फायरवॉल अडवतो, आणि ते योग्यच आहे, पण एखादं मुद्दाम उघडायचं तर त्या सेटिंगचं पान अजूनही नेटवर्क इंजिनिअरसाठीच लिहिलेलं असतं.