एका पोळीचा तीनशेवा हिस्सा

सीलिॲक या लहान आतड्याच्या आजाराचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, ‘गहू कायमचा बंद.’ मराठी घरात यावर बरेचदा सुटकेचा निःश्वास पडतो. एवढंच ना, भाकरी खाऊ की! तेही खरंच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, यांपैकी कशातच ग्लूटेन नसतं. खरी पंचाईत सुरू होते ती पिठाच्या गिरणीत.

आधी ग्लूटेनचं पाहू. गव्हात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं चिवट जाळं तयार होतं, तेच ग्लूटेन. म्हणून तर मुठीएवढं पुरण भरूनही पोळी लाटताना फाटत नाही. जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिनं असतात. त्यांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी ठासून भरलेली असतात की आपल्या पाचकरसांना त्यांचे नीट तुकडे करता येत नाहीत. ग्लायडिनचा 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जवळजवळ जसाच्या तसा लहान आतड्यात पोचतो. हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच पोटात होतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं असलेल्यांपैकी काही जणांचं. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्या तुकड्यात किंचित बदल करतं. बदललेला तुकडा या जनुकांनी घडवलेल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि रोगप्रतिकारक पेशी त्याला शत्रू समजतात. हल्ला मात्र होतो स्वतःच्याच आतड्यावर. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, एखाद्या मुलाची उंची खुंटते, तर एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी वर सरकत नाही. ही ॲलर्जी नव्हे. म्हणूनच ‘थोडं थोडं खाऊन सवय कर’ हा घरोघरचा सल्ला इथे घातक ठरतो.

गव्हाकडे बोट दाखवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि बाकी सगळे उपाशी असताना सीलिॲक असलेली मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्याने आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर या आजाराची माहिती कितीतरी वाढली, पण इलाज अजून तोच आहे, ग्लूटेन टाळणं.

आता गिरणीकडे वळू. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे अंदाजे तीन ग्रॅम ग्लूटेन. सीलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं, पण रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तर तीनेक महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसू लागतो. 10 मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा तीनशेवा हिस्सा. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम, असा आपल्याकडेही नियम आहे. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले आणि जात्यात फक्त 10 ग्रॅम कणीक उरली असं समजा. लगेच तुमची एक किलो ज्वारी पडली, तर त्या पिठात एक ग्रॅम ग्लूटेन आलं, मर्यादेच्या पन्नासपट! गिरणीवाल्याच्या अंगावर, पत्र्याच्या डब्यावर, पीठ गाळायच्या कापडावर जे असतं ते आणखी वेगळं. तव्यावर भाजून ग्लूटेन मरत नाही, कारण ते जंतू नव्हे. त्यामुळे माझ्या मते या घरातली पहिली खरेदी घरघंटीची असावी, आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही पडू नये. दुसरी खरेदी वेगळा पोळपाट-लाटणं आणि वेगळी चाळण. पिठाच्या चाळणीच्या बारीक जाळीतली कणीक कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही.

भाकरीचंही एक शास्त्र आहे. ज्वारीत ग्लूटेनचं जाळं नाही, मग ती थापली जाते कशी? आधणाचं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं होऊन विरी गेलं की भाकरी कडेने तुटते. अशा वेळी उकड काढून, तळहाताने रेटून मळली तर चांगली जमते. तांदळाच्या भाकरीची हीच तर रीत आहे.

काही पदार्थ मात्र चकवतात. खपली गहू जुना आणि पचायला हलका म्हणून कौतुकाने आणला जातो, पण त्यातही ग्लूटेन आहेच. कुरडईचा चीक गव्हाचा. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो, चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, आणि कोंबडी-वड्यांच्या पिठात घरागणिक असतो किंवा नसतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींमधलं मॉल्ट बहुधा जवापासून केलेलं असतं. सगळ्यात छुपा तो हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, बांधण्यासाठी त्यात डिंक आणि अनेकदा मैदा घालतात. चिमटीभर हिंग चार माणसांच्या आमटीत गेला तर वाट्याला फार येत नाही, हेही खरं. पण तो आमटीत, लोणच्यात, पापडात, ताकाच्या फोडणीत असा सगळीकडूनच येतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बाजारात मिळतो, तेव्हा धोका घ्यायचाच कशाला?

उपवासाचे पदार्थ मूळचे ग्लूटेनमुक्त, म्हणून रुग्ण साबुदाण्यावर येऊन थांबतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा नाचणी बरी. तिच्या 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि या आजारात हाडं ठिसूळ होत असल्याने त्याची गरजही असते.

सत्यनारायणाचा प्रसाद हे एक निराळंच प्रकरण. ‘एवढ्याशा प्रसादाने काय होतंय?’ असं म्हणत शिऱ्याची मूद हातावर पडते. त्यात पाच ग्रॅम रवा धरला तरी अर्धा ग्रॅम ग्लूटेन झालं. खाल्ल्यावर लगेच त्रास होईलच असं नाही, म्हणून तर सांगून पटत नाही. खडीसाखर किंवा फळाचा तुकडा मागून घ्यावा, देवाची हरकत नसावी.

नुसता संशय असेल तर मात्र तपासणीआधी गहू सोडू नका. ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही गहू खात असतानाच खरं सांगतात. निदानानंतर पथ्य नीट चाललं की प्रतिपिंडांचा आकडा काही महिन्यांत उतरू लागतो. तो उतरत नसेल, तर बहुतेक वेळा कुठून तरी गहू पोटात जात असतो, आणि मग पीठ कुठे दळलं, हिंग कोणता, गोळ्यांच्या भरावात काय आहे, तळणीचं तेल पुऱ्यांचंच तर नव्हतं ना, हे एकेक करून शोधावं लागतं.