बेळगावची फुटबॉल मैदाने

बेळगाव शहरात (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) फुटबॉल ज्या मैदानांवर रुजला, ती मैदाने. कोल्हापूरचा फुटबॉल म्हटला की छत्रपती शाहू स्टेडियम डोळ्यांपुढे येते, मडगावचा म्हटला की फातोर्डा. बेळगावचे तसे नाही. इथला खेळ एका स्टेडियमभोवती वाढलाच नाही. शाळांची, लष्कराची आणि गावाची मैदाने मागून घेऊन तो वाढला. मैदानाचा मालक एक आणि खेळणारे दुसरेच, ही तऱ्हा पहिल्यापासूनची.

१८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्याच्या पश्चिमेला छावणी वसली. तिला बेळगावकर आजही ‘कॅम्प’च म्हणतात. भारतात फुटबॉल गोऱ्या पलटणींबरोबर आला आणि छावण्यांच्या गावांत लवकर पसरला. कॅम्पातल्या मिशनरी शाळा आणि तिथे स्थायिक झालेली गोव्याची ख्रिस्ती कुटुंबे यांनी इथे तो धरून ठेवला. १८५६ मध्ये सुरू झालेल्या सेंट पॉल्स हायस्कूलचे मैदान यात सर्वांत महत्त्वाचे. शाळेचे माजी विद्यार्थी तिथे फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धा भरवतात. गल्लीतल्या मराठी पोरांना ‘फादर एडी’ म्हटले की पुरे, पुढे ‘स्पर्धा’ म्हणायची गरज पडत नाही.

शालेय फुटबॉलचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो, आणि बेळगावचा पाऊस नुसता शिंतडून जाणारा नव्हे. सकाळी फक्की मारून आखलेल्या रेषा पहिल्या सरीतच वाहून जातात. मग पंच आणि लाइन्समन अंदाजाने निशाण वर करतात आणि त्यावरून वाद ठरलेला. गोलखांबांपुढची माती तुडवून तुडवून खोलगट झालेली असते, तिथे पाणी साचते. लांबून मारलेला बॉल त्या डबक्यात जागच्या जागी थांबतो, त्याच्या अंदाजाने पुढे धावलेला बचावपटू वळेपर्यंत दुसराच कोणी येऊन तो जाळीत ढकलतो. असे गोल बेळगावात पुष्कळ झाले आहेत आणि कोणी त्यांना कमी मानत नाही. शहराच्या पश्चिमेची तांबडी, जांभ्याची माती पाणी तरी लवकर जिरवते. अथणी-गोकाकच्या बाजूच्या काळ्या रानात पावसाळ्यात बूट उचलणेही कठीण. तांबडीचा तोटा घरच्यांना सोसावा लागतो: मोज्यांवरचा रंग दोन धुण्यांनीसुद्धा जात नाही.

टिळकवाडीतले लेले मैदान फुटबॉलपटूंच्या सरावाचे, तसेच सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांचेही. सरदार्स हायस्कूलचे मैदान आणि युनियन जिमखाना यांच्यावर क्रिकेटचा हक्क जास्त. सीपीएड मैदानावर खेळांबरोबर सभा-समारंभही होतात. गावात मोकळी जागा कमी, त्यामुळे एकाच मैदानाला अनेक वाटेकरी. १९२४ चे काँग्रेस अधिवेशन, महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव, टिळकवाडीच्या बाजूच्या मोकळ्या माळावर भरले होते. त्या वेळी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून अजून दाखवतात. जवळच्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार होई. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात असले की, बेळगाव महाराष्ट्रात यावे अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा तिथल्या मैदानावर घेण्याचा प्रघात पडला होता. अलीकडे त्याला परवानगी नाकारली गेली आहे.

सीमेचा परिणाम खेळावरही झाला, आणि तो समजून घेतल्याशिवाय या मैदानांची गोष्ट कळत नाही. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि फुटबॉलचा कारभार बेंगळुरूकडे पाहू लागला. बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर. कोल्हापूर मात्र एकशे दहाच्या आसपास आणि गडहिंग्लज साठेक किलोमीटरवर. राज्य संघाच्या निवडीसाठी पोरगा रात्रीची गाडी धरून बेंगळुरूला जातो, पण दिवाळीच्या सुट्टीत तोच गडहिंग्लजच्या स्पर्धेत सापडेल. निपाणीच्या फुटबॉलवेड्यांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूरच जवळचे. पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापूरच्या तालीम संघांची लढत असली की तिथली चर्चा कोल्हापूरच्या पेठेतली वाटावी इतकी रंगते.

अलीकडे शहरात कृत्रिम गवताची मैदाने झाली आहेत. बरीच पाच-सात जणांच्या खेळाएवढीच, चारी बाजूंनी जाळी, वर दिवे आणि तासावर भाडे. नोकरी आटोपून येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, पाऊसही आडवा येत नाही. मात्र पूर्ण मैदान नव्वद ते एकशे वीस मीटर लांब असते. बंदिस्त टर्फवर तयार झालेली मुले ऑगस्टात खऱ्या मैदानावर उतरली की पहिल्या वीस मिनिटांतच त्यांचा दम निघतो, आणि कडेला छत्री धरून उभे असलेले जुने खेळाडू म्हणतात, ‘बॉल पायात घेऊन काय उभा राहिलास रे, पलीकडे मार की!’