रणांगण ठेवायचं कुठे? कागदी टेरेनची पार्श्वभूमी

टेबलावर युद्धखेळ मांडणाऱ्याच्या घरात सैन्याची अडचण कधीच होत नाही. दोनेकशे शिपाई बुटांच्या खोक्यात मावतात. जागा खातात त्या टेकड्या, घरं, झाडं आणि तटबंदी, म्हणजेच टेरेन. थर्माकोलची एक टेकडी माळ्यावर चढली की गणपतीच्या मखराशी तिची जुंपलीच म्हणून समजा. इंदुरातल्या जुन्या वाड्यांत हे खपून जायचं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खपत नाही. मग माणूस पुठ्ठ्याकडे वळतो, आणि बरेचदा जरा ओशाळूनच वळतो. जणू खरं टेरेन प्लास्टरचं आणि कागद म्हणजे गरिबाची सोय. या खेळाचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

प्रशियातला (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं एक राज्य) बॅरन फॉन राइसविट्झ आपला युद्धखेळ आधी वाळूवर मांडत असे. राजपुत्रांना तो आवडला, गोष्ट राजाच्या कानावर गेली, आणि राजासमोर वाळू कशी न्यायची असा पेच पडला. १८१२ मध्ये त्याने तिसऱ्या फ्रिडरिश विल्हेल्मला चक्क एक टेबल नजर केलं. साधारण सहा फूट लांब-रुंद, वर मांडायला प्लास्टरचे रंगवलेले चौकोन, कशावर नदी तर कशावर चढ, आणि ते सगळं आवरून ठेवायला खालच्या बाजूला खण. म्हणजे रणांगण साठवायचं कुठे हा प्रश्न अगदी पहिल्या पिढीतच उभा राहिला होता. पण असलं फर्निचर राजवाड्यात शोभतं आणि राजवाड्यातच राहतं.

खेळ बाहेर पडला तो मुलामुळे. धाकट्या राइसविट्झने प्लास्टर सोडून नकाशा घेतला. १८२४ मध्ये त्याने नियम छापले, तेही १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर खेळायचे. या मापात एक किलोमीटर साडेबारा सेंटिमीटरांत बसतो. सैन्याचे तुकडे धातूचे, जमीन मात्र सगळी कागदावर. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख जनरल म्युफ्लिंग सुरुवातीला फारसा उत्सुक नव्हता. खेळ पाहिल्यावर त्याने साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. घडी घालून कपाटात ठेवता येतो म्हणूनच हा खेळ पलटणीपलटणींत जाऊ शकला, असं माझं मत आहे. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही तो उचलला.

उभ्या कागदाची परंपरा खेळण्यांच्या बाजूने आली. फ्रान्समधल्या एपिनाल गावी पेलरँ यांचा छापखाना १७९६ पासूनचा. तिथे छापलेले शिपायांचे तक्ते पोरं कापून उभे करत. पुढे कापून-चिकटवून बांधायच्या इमारतीही निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि धातू दुर्मीळ झाले, तेव्हा इंग्लंडमध्ये १९४१ साली ‘मायक्रोमॉडेल्स’ आली. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली इंजिनं आणि इमारती. तुमची अख्खी कार्यशाळा सिगारच्या डबीत मावते, अशी त्यांची जाहिरात असे. जागेची टंचाई हा विकायचा मुद्दा होऊ शकतो हे त्यांनी नेमकं हेरलं.

साठवणुकीचं आपलं मराठी उत्तर आणखी सोपं आहे: दिवाळीचा किल्ला. विटा, पोतं, चिखल, वर पेरलेले अळीव. सण संपला की मावळे डब्यात आणि माती कुंड्यांत. २००० नंतर विकत मिळू लागलेल्या छापील टेरेनच्या फाइली याच न्यायाने चालतात. फाइल एकदा घेतली की गाव हवं तेवढं छापा, नको झालं की रद्दीत घाला.

मोडायचं नसेल तर घडीचं कसब लागतं. घर म्हणजे चार भिंतींची एक सलग पट्टी, कड चिकटवलेली, तळ आणि माथा मोकळा. तिरकी दाबली की सपाट होते, आणि छप्पर वर ठेवलं की आपोआप काटकोनात येते. घडीची रेघ मारायला संपलेल्या रिफिलीसारखं हत्यार नाही: स्टीलची पट्टी धरून एकदा दाबून ओढायची, कागद फाटत नाही आणि कोपरा धारदार येतो. साधारण २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) कार्डशीट याला पुरतं. टेकडीचे टप्पे उथळ, उपड्या खोक्यांसारखे केले की डब्यात डबा जातो. झाडाला दोन चपटे आकार एकमेकांच्या खाचेत. बाइंडिंगच्या जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवताना मागच्या बाजूलाही साधा कागद लावावा, नाहीतर एकाच बाजूच्या ओढीने पुठ्ठा वाकतो, आणि पावसाळ्यात तर हमखास.

इंदुरात बसून मांडायची लढाई म्हणजे महिदपूर. २१ डिसेंबर १८१७, क्षिप्रेच्या काठी होळकरांचं सैन्य विरुद्ध इंग्रज सेनानी हिस्लॉप आणि माल्कम. पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि जवळच्या महूला इंग्रजांची छावणी पडली. त्याच महूत आज आर्मी वॉर कॉलेज आहे. फौजी भाषेत ज्याला सँड मॉडेल म्हणतात, म्हणजे वाळूत उभारलेली जमिनीची प्रतिकृती, ते राइसविट्झच्या पहिल्या वाळूचंच भावंड.

पण महिदपूर १:७२ च्या (खऱ्या माणसाच्या ७२ पट लहान) शिपायांनी खेळायचं तर सहा फुटी टेबलावर जेमतेम १३० मीटर जमीन मिळते. तेवढ्यात लढाईचा एक कोपराही मावणार नाही. म्हणून एक घर म्हणजे एक गाव असं धरावं लागतं, आणि ते जितकं लहान आणि चपटं तितकं बरं. नदीचंही तेच. या लढाईचा सगळा कस उताराच्या जागी, म्हणजे नदी पायी ओलांडता येते तिथे, लागला. होळकरी तोफांच्या माऱ्यात इंग्रजांची फौज तिथून पार झाली. टेबल खणता येत नाही, तेव्हा क्षिप्रा खाली न नेता काठच वर उचलायचे: खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, कडा फाडून ओबडधोबड केलेल्या, आणि मधली मोकळी फट म्हणजे पात्र. उताराजवळ वरचे थर पायरीपायरीने मागे घेतले की तोफा कुठे ठेवायच्या हे आपसूक कळतं, आणि खेळ संपल्यावर सगळे थर पलंगाखाली सरकवता येतात.