शाळेतला लंबक नेमकं काय शिकवतो?

दोऱ्याला गोळा टांगून झोका दिला. एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ कशावर ठरतो? अनेक मुलं बेधडक सांगतात, ‘वजनावर!’

बार्बेल इन्हेल्डर आणि झां पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात नेमका हाच प्रश्न मुलांपुढे ठेवला होता. त्यांना उत्तरापेक्षा मुलं ते कसं शोधतात, हे पाहायचं होतं. लहान मुलं दोरा आणि गोळा दोन्ही एकदम बदलत आणि श्रेय मात्र वजनाला देत. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या’ ही शिस्त किशोरवयात दिसू लागे. पुढच्या अभ्यासांतून कळलं, की ती केवळ वय वाढल्यानं येत नाही, शिकवावी लागते. माध्यमिक शाळेत विज्ञान का हवं, याचं माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच. एखादं औषध घेतलं आणि बरं वाटलं, तर गुण औषधाचा की नुसत्या सरलेल्या दिवसांचा, हा प्रश्न पडायलाही हीच शिस्त लागते. सूत्रं काय, बहुतेक जण विसरतातच.

लंबकाकडे परत येऊ. दोरा १ मीटरचा असेल, तर दोलनकाल, म्हणजे जाऊन-येऊन एक पूर्ण झोका (दोलन) व्हायला लागणारा वेळ, सुमारे २ सेकंद. तो अर्धा करायचा, तर लांबी पाव करावी लागते, म्हणजे २५ सेंटिमीटर. गोळा लोखंडी घ्या की लाकडी, फरक जवळजवळ शून्य. स्टॉपवॉच दाबताना सेकंदाचा दोन-दशांश भाग सहज इकडेतिकडे होतो, म्हणून २० दोलनं मोजून भागाकार करायचा. म्हणजे ती चूक वीस दोलनांत वाटली जाते. मोजमापात चूक असणारच आणि ती किती हे सांगता येतं, ही समज मला सूत्राहून मोलाची वाटते.

पण प्रयोगवहीत ‘बरोबर’ आकड्यालाच गुण असतील, तर मुलं रीडिंग जुळवायला शिकतात. समजा, १ मीटरच्या लंबकाच्या २० दोलनांना सगळ्यांना ४० सेकंद लागले आणि एकीला ४३. तिनं गोळा ६० अंशांवरून सोडला असेल, तर तिचं रीडिंग अगदी योग्य आहे! दोलनकाल झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो हा नियम लहान झोक्यांपुरताच. ६० अंशांना तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. त्या ४३ वर लाल रेघ मारायची, की ‘गोळा कुठून सोडलास?’ असं विचारायचं, हे शिक्षकाच्या हातात असतं.