घरच्या दुर्बिणीतून ग्रहांचे फोटो : ‘एफ/३०’ आला कुठून?

फिल्मच्या काळातही घरच्या दुर्बिणीतून गुरू-शनीचे फोटो निघत. पण एक्स्पोजर सेकंदभराचे किंवा जास्तच, आणि तेवढ्या वेळात हवेच्या थरथरीने तपशील पुसला जाई. त्याच दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याला फोटोपेक्षा अधिक दिसे, म्हणून ग्रहांची निरीक्षणे पेन्सिलीने रेखाटायची पद्धत दीर्घकाळ टिकली. नव्वदच्या दशकातल्या सीसीडी कॅमेऱ्यांनी यात थोडीच भर घातली.

कलाटणी दिली ती व्हिडिओ कॉलसाठी बनवलेल्या वेबकॅमने. २००० नंतर फिलिप्स टूकॅम प्रोची लेन्स काढून तिथे दुर्बिणीत बसणारी सव्वा इंची नळी लावायचे लोण पसरले. ६४० बाय ४८० चा सेन्सर, पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा. सेकंदाला दहाच्या वर फ्रेम घेतल्या की यूएसबीला झेपत नसे आणि कॉम्प्रेशनचे चौकोन दिसू लागत. लेन्सबरोबर इन्फ्रारेड अडवणारी काचही जाई. वेगळा फिल्टर लावला नाही तर रंग बिघडत. २००२ मध्ये रेजिस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर आले. व्हिडिओतल्या स्थिर हवेच्या फ्रेम निवडायच्या, एकावर एक बसवून सरासरी काढायची, मग वेव्हलेट या गणिती प्रक्रियेने धार आणायची. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ २५ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसू लागला आणि ही रीत रूढ झाली.

‘एफ/२५ ते एफ/३० वर काम करा’ हा सल्ला याच काळातला. मूळ नियम असा, की एफ रेशो (दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनच्या पाचपट ठेवावा. ५.६ चे पाचपट २८. एफ/१० च्या श्मिट-कॅसेग्रेन जातीच्या दुर्बिणीला अडीच-तीनपट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) लावली की तिथे पोहोचता येई. पुढे नियम मागे पडला, आकडा तेवढा राहिला. २०१२ च्या सुमारास ३.७५ आणि त्यानंतर २.९ मायक्रॉन पिक्सेलचे सीमॉस कॅमेरे आले, तरी एफ/३० चा हट्ट सुटला नाही. २.९ ला एफ/१५ पुरतो. त्याऐवजी एफ/३० वर गेलात तर प्रत्येक पिक्सेलला चौथा हिस्सा प्रकाश मिळतो. गुरूसाठी १० मिलिसेकंदांत होणारे काम ४० वर जाते. मग गेन (सेन्सरच्या सिग्नलचे वर्धन) वाढवून फ्रेममध्ये दाणेदारपणा आणा, नाहीतर हवेची थरथर पकडा. ग्रह मोठा दिसतो, तपशील तेवढाच.

पाचच पट का, यावर आजही वाद आहे. सर्वांत बारीक तपशिलाला दोन पिक्सेल हवेत, असे धरले तर हिरव्या प्रकाशाला (०.५५ मायक्रॉन) ३.६ पट पुरते, जांभळ्याला (०.४) पाचपट लागते. रंगीत सेन्सरवर लाल आणि निळा प्रत्येकी चारांतल्या एकाच पिक्सेलला मिळतो, म्हणून सातपट घ्या, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. पण ग्रह व्हिडिओभर सेन्सरवर सरकत असतो आणि हजारो फ्रेमच्या स्टॅकमध्ये त्या फटी बऱ्याच भरून निघतात. हवा सामान्य असेल तेव्हा सातपटीला फारसा अर्थ नाही.

शिवाय आपण नेमके कितीवर आहोत, हेच अनेकांना माहीत नसते. बार्लो आणि सेन्सर यांमधले अंतर वाढले की तिची पटही वाढते. फ्रेममधले ग्रहाचे बिंब मोजणे हाच उपाय. २.९ मायक्रॉनवर ४५ आर्कसेकंदांचा गुरू विषुववृत्तावर २७० पिक्सेल रुंद आला, तर २०६.३ × २.९ × २७० ÷ ४५, म्हणजे सुमारे ३५९० मिमी नाभीय अंतर (२०६.३ हा आर्कसेकंद, मायक्रॉन आणि मिलिमीटर यांचा मेळ घालणारा गुणक). आठ इंची (२०३ मिमी) दुर्बिणीला हे एफ/१७.७ झाले. मूळ एफ/६, बार्लो अडीचपट. कागदावर एफ/१५ होते.

गुरूचे परिवलन हा दुसरा अडसर. ९ तास ५५ मिनिटांच्या फेरीत बिंबाच्या मधला ठिपका मिनिटाला पाव आर्कसेकंद सरकतो, त्यामुळे आठ इंचीला दोनेक मिनिटांत व्हिडिओ आटपावा लागे. विनज्युपोस या सॉफ्टवेअरमधल्या डीरोटेशनने (परिवलनामुळे सरकलेला तपशील पुन्हा जागेवर आणण्याच्या सोयीने) ही मुदत लांबवली. अर्थात एफ/१५ वर सेकंदाला १०० फ्रेम मिळत असतील, तर दोन मिनिटांतच १२,००० हाती येतात.

महाराष्ट्रात अडचण निराळी. मंगळाची जुलै २०१८ ची, गुरूची जून २०१९ ची आणि गुरू-शनीची जुलै २०२० ची प्रतियुती (ग्रह सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला येण्याची वेळ) पावसाळ्यात गेली. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला मात्र गुरू इथून जवळजवळ डोक्यावरून गेला. तेवढ्या उंचीवर हवेमुळे होणारी रंगांची फाकणी नगण्य असते आणि एडीसी (ती फाकणी भरून काढणारा, बार्लो आणि कॅमेरा यांमध्ये बसवलेला प्रिझमचा जोड) काढून ठेवता येतो. काढला की बार्लोचे अंतर घटते, एफ रेशो उतरतो आणि फोकस पुन्हा लावावा लागतो.