माजी विद्यार्थी संघ आणि शिष्यवृत्तीधारकांचं नेटवर्क: कृपया सरमिसळ थांबवा

परदेशी शिष्यवृत्ती मिळवलेल्यांचं ऑनलाइन नेटवर्क उभं करायचं ठरलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘कॉलेजच्या ग्रुपसारखंच करू की!’ मग बॅचवार ग्रुप, वाढदिवसांची यादी, वर्षातून एकदा झूमवर स्नेहसंमेलन. काही महिन्यांत सगळं थंड, आणि खापर फुटतं सदस्यांच्या माथ्यावर: ‘लोकांना वेळच नाही.’

माजी विद्यार्थी संघ म्हणजे काय, ते सांगायला नको. आठवणी, देणग्या, कोनशिलेवरची नावं. पुढे जाऊ.

शिष्यवृत्तीधारकांमध्ये सामाईक असतं ते बहुतेकदा निवडीचं पत्र, बस्स. (ऱ्होड्स शिष्यवृत्तीवाले अपवाद, ते १९०३ पासून सगळे ऑक्सफर्डलाच जातात.) ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवाले ब्रिटनभरच्या विद्यापीठांत विखुरलेले. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीचे विद्यार्थी तर शिकता शिकताच किमान दोन देश पालथे घालतात. बॅच एक म्हणून त्यांची मैत्री होईल, ही भाबडी आशा आहे.

तरी अनोळखीपणा ही मोठी अडचण नव्हे. ओळख करून देता येते. खरी मेख वेगळीच आहे. कॉलेजच्या मित्राने तुम्हाला नापास होताना, उधारी मागताना पाहिलेलं असतं. ‘नोकरी गेली रे’ हे त्याला सांगायला धाडस लागत नाही. शिष्यवृत्तीच्या ग्रुपमध्ये मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखतो तो ‘निवड झालेला’ म्हणूनच. तिथे पडती बाजू सांगायची, म्हणजे निवड चुकली असं कबूल केल्यासारखं वाटतं. त्यात ग्रुपवर पैसे देणाऱ्या संस्थेचा अधिकारीही असतो. त्याच्या देखत कोण तोंड उघडणार? मग उरतात अभिनंदनाचे संदेश आणि टाळ्यांचे इमोजी. मला या टाळ्यांचा मनस्वी कंटाळा आहे.

आणि आधाराची गरज नेमकी माजी झाल्यावरच वाढते. चेव्हनिंगची अट आहे, शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जे-१ व्हिसाने (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) अमेरिकेत गेलेल्यांनाही सहसा अशीच दोन वर्षांची अट लागते. परतलेल्या माणसाची पदवी नव्या साहेबाला कळत नाही, तिकडचे मित्र तिकडेच राहिलेले, आणि घरचे म्हणतात, ‘आता कसली काळजी?’ हे समजू शकेल असा माणूस त्याच्या बॅचमध्ये नसतो, कारण तेही त्याच गोंधळात असतात. तो असतो तीन-चार वर्षं आधी परतलेल्यांमध्ये.

म्हणून बॅचवार ग्रुप मोडाच. सहा-सात जणांच्या छोट्या तुकड्या करा, वेगवेगळ्या वर्षांच्या, शक्य तर एकाच देशात परतलेल्यांच्या. पहिल्या भेटीत नव्यांना ‘तुमची अडचण सांगा’ म्हणू नका. आधी ज्येष्ठाने आपली फसलेली गोष्ट सांगावी, तीही पुढे सगळं छान झालं असा शेवट न चिकटवता. ‘काही मदत हवी का?’ हा प्रश्न तर बंदच करा, त्याला कुणी हो म्हणत नाही. त्यापेक्षा ‘पदवीची समकक्षता (परदेशी पदवीला इथल्या पदवीइतकी मान्यता) कुणाची अडकली आहे?’ असं नेमकं विचारा.

अधिकाऱ्यांना या तुकड्यांपासून दूर ठेवा. किती भेटी झाल्या, तेवढा आकडा त्यांना अहवालासाठी पुरे.